गर्भस्थ हृदयदोषांचे निदान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : शक्यता व मर्यादा

सारांश

जन्मजात व्यंगांमध्ये हृदयदोषांचे प्रमाण सर्वाधिक आहे. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्याच्या आसपास होणाऱ्या सोनोग्राफीत गुंतागुंतीचे बहुतेक हृदयदोष ओळखता येण्याजोगे असतात. प्रत्यक्षात मात्र त्यांतील बरेचसे नजरेतून सुटतात. ही तूट भरून काढण्यासाठी अलीकडच्या काळात कृत्रिम बुद्धिमत्तेचा आधार घेतला जात आहे. हे तंत्र नेमके काय करते, त्याच्या यशाचे आकडे कसे वाचावेत आणि भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, वैद्यकीय व कायदेशीर परिस्थितीत त्याचे स्थान कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : जन्मजात हृदयदोष, सोनोग्राफी, कृत्रिम बुद्धिमत्ता, संवेदनशीलता, गर्भलिंग निदान प्रतिबंध कायदा

प्रास्ताविक

दर हजार जिवंत जन्मांमागे साधारणतः आठ ते दहा बालकांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. भारतातील जन्मांची संख्या लक्षात घेता दरवर्षी दोन लाखांहून अधिक बालके असा दोष घेऊन जन्माला येतात, असा अंदाज आहे. यांतील सर्वच दोष जिवावर बेतणारे नसतात. निलयांमधील पडद्याला असलेले लहान छिद्र अनेकदा आपोआप बुजते. तथापि सुमारे एक पंचमांश बालकांना आयुष्याच्या पहिल्याच वर्षी शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार लागतात आणि काहींच्या बाबतीत तर उपचाराची मुदत तासांत मोजावी लागते. जन्मापूर्वीच्या निदानाचे महत्त्व या शेवटच्या गटासाठी आहे. त्यामुळे या विषयाची चर्चा करताना 'हृदयदोष' हा शब्द सरसकट न वापरता कोणता दोष, तो केव्हा धोकादायक ठरतो आणि तो आधी कळल्याने काय बदलते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

गर्भातील रक्ताभिसरण आणि दडून राहणारे दोष

गर्भाच्या हृदयाची मूळ जडणघडण आठव्या आठवड्याच्या अखेरीस पूर्ण होते. परंतु गर्भात असताना या हृदयाचे काम जन्मानंतरच्या हृदयापेक्षा वेगळे असते. फुप्फुसे हवेने भरलेली नसतात. प्राणवायू वारेतून, नाळेवाटे येतो. म्हणून फुप्फुसांकडे जाणारे बहुतांश रक्त दोन आडवाटांनी वळवले जाते. पहिली वाट म्हणजे दोन अलिंदांमधील पडद्यातील झडपवजा छिद्र आणि दुसरी म्हणजे फुप्फुस धमनीला महाधमनीशी जोडणारी डक्टस ही छोटी वाहिनी. जन्मानंतर बाळ पहिला श्वास घेते, नाळ कापली जाते आणि या दोन्ही वाटा हळूहळू बंद होऊ लागतात.

या दोन वाटांमुळेच अत्यंत गंभीर दोष असलेला गर्भही मातेच्या उदरात सुखरूप वाढतो. महाधमनी व फुप्फुस धमनी यांची अदलाबदल हे याचे ठळक उदाहरण होय. या दोषात महाधमनी उजव्या निलयातून व फुप्फुस धमनी डाव्या निलयातून निघते. परिणामी शरीराचे रक्त शरीराकडेच आणि फुप्फुसांचे रक्त फुप्फुसांकडेच फिरत राहते. दोन स्वतंत्र चक्रे, एकमेकांना न मिळणारी. गर्भात प्राणवायू वारेतून येत असल्याने बाळाचे काही अडत नाही. त्याचे वजन चांगले असते, प्रसूतीही सुरळीत होते. नंतर काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत, आडवाटा बंद होऊ लागतात आणि बाळ निळे पडते.

या दोषावर उपाय नाही असे नाही. डक्टस उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून देता येते. फिलाडेल्फियाचे विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ साली फुग्याच्या साहाय्याने अलिंदांमधील छिद्र रुंदावण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तर ब्राझीलचे शल्यविशारद अदिब जाटेने यांनी १९७५ साली दोन्ही धमन्या आपापल्या जागी जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. आज ही शस्त्रक्रिया भारतातील अनेक केंद्रांत होते. प्रश्न उरतो तो बाळ त्या केंद्रापर्यंत वेळेत आणि धडधाकट अवस्थेत पोहोचण्याचा.

या संदर्भात पॅरिसमधील डॅमियन बॉने व सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही उद्धृत केला जातो. धमन्यांच्या अदलाबदलीचे निदान जन्मापूर्वी झालेली ६८ आणि जन्मानंतर झालेली २५० बालके यांची त्यांनी तुलना केली. जन्मानंतर निदान झालेल्यांपैकी १५ बालके शस्त्रक्रियेपूर्वीच दगावली आणि शस्त्रक्रिया झालेल्या उर्वरित २३५ पैकी २० नंतर दगावली. जन्मापूर्वी निदान झालेल्या ६८ पैकी एकही दगावले नाही. शल्यविशारदांचे कौशल्य दोन्ही गटांना सारखेच उपलब्ध होते. फरक होता तो बाळ कोठे जन्मले आणि पहिल्या काही तासांत त्याच्याजवळ कोण होते याचा.

दोष नजरेतून का सुटतात

प्रसूतिशास्त्रात ध्वनिलहरींचा वापर ग्लासगोचे इयान डोनाल्ड व सहकाऱ्यांच्या १९५८ मधील शोधनिबंधापासून रुजला. १९८० च्या दशकात लंडनमध्ये लिंडसे अॅलन यांच्यासारख्या तज्ज्ञांच्या कामामुळे गर्भाच्या हृदयाची तपासणी ही स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली आणि नेहमीच्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्प्यांचे दृश्य पाहण्याचा प्रघात पडला.

तथापि वर वर्णिलेल्या अदलाबदलीच्या दोषात चारही कप्पे पुष्कळदा अगदी व्यवस्थित दिसतात. दोष कप्प्यांत नसून त्यांतून बाहेर पडणाऱ्या वाहिन्यांत असतो. म्हणून आता एकूण पाच आडवी दृश्ये पाहावीत असे मानले जाते. ती पोटाच्या पातळीपासून सुरू होतात आणि चार कप्पे, डाव्या निलयातून निघणारी महाधमनी, तीन वाहिन्या एका ओळीत, असे करत अखेरीस त्या वाहिन्यांचा श्वासनलिकेशी असलेला संबंध दाखवतात. ही पाचही दृश्ये नीट मिळाली तर गुंतागुंतीच्या सुमारे ९० टक्के दोषांचा सुगावा लागू शकतो. असे असूनही प्रत्यक्ष व्यवहारात हे प्रमाण काही ठिकाणी ३० टक्क्यांपर्यंत खाली येते.

या तफावतीचे खापर केवळ डॉक्टरांच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. विसाव्या आठवड्यातील हृदय जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढे असते, त्याचे ठोके मिनिटाला १२० ते १६० पडतात आणि त्यातील वाहिन्यांची रुंदी काही मिलिमीटर असते. गर्भाची पाठ वर असेल तर बरगड्यांची व कण्याची सावली नेमकी हृदयावर पडते. मातेच्या पोटावरील चरबीचा थर जाड असेल तर प्रतिमा धूसर येते. त्यात हृदय हा तपासणीतील अनेक अवयवांपैकी एक. मेंदू, कणा, मूत्रपिंडे, हातपाय हे सारे त्याच वेळेत पाहायचे असते. आणि हजारातून आठ-दहा वेळाच आढळणारी गोष्ट ओळखण्याचा सराव व्हावा तरी कसा? सामान्य सोनोग्राफी केंद्रातील डॉक्टरने धमन्यांच्या अदलाबदलीचे उदाहरण कित्येक वर्षांत एकदाही पाहिलेले नसणे अगदी शक्य आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज या ठिकाणी निर्माण होते.

यंत्र नेमके काय करते

'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द काहीसा भारदस्त आहे. प्रस्तुत संदर्भात त्याचा अर्थ मर्यादित आहे. तज्ज्ञांनी आधीच नावे दिलेल्या हजारो प्रतिमा संगणकाला दाखवायच्या आणि प्रतिमेतील कोणत्या खुणा कोणत्या नावाशी निगडित आहेत हे त्याने गणिती पद्धतीने स्वतःच ठरवायचे, असे हे तंत्र आहे. यासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुस्तरीय गणिती जाळ्यांना न्यूरल नेटवर्क म्हणतात. २०१२ नंतर प्रतिमा ओळखण्यात या जाळ्यांनी मोठी मजल मारली आणि त्यानंतर ती वैद्यकीय प्रतिमांकडे वळली.

या क्षेत्रातील विशेष उल्लेखनीय काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संस्थेत रीमा अर्नाउट व सहकाऱ्यांनी केले. 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात ते २०२१ साली प्रसिद्ध झाले. १८ ते २४ आठवड्यांच्या गर्भांच्या १,३२६ तपासण्यांतील १,०७,८२३ प्रतिमांवर त्यांनी आपली जाळी घडवली. येथे 'जाळी' हे अनेकवचन महत्त्वाचे आहे. एक जाळे संपूर्ण तपासणीतील असंख्य प्रतिमांमधून हृदयाची पाच दृश्ये वेचून काढते. पुढची जाळी प्रत्येक दृश्य नेहमीसारखे आहे की नाही याचा कौल देतात आणि पाचही कौलांचा मेळ घालून संपूर्ण हृदयाविषयी एक निष्कर्ष निघतो. आणखी एक जाळे हृदयाच्या कप्प्यांच्या सीमा आखून हृदयाचा आकार छातीच्या तुलनेत किती, त्याचा अक्ष किती अंशांनी कललेला आहे, अशी मोजमापे देते. अनुभवी तज्ज्ञही मनातल्या मनात याच क्रमाने जातो. आधी योग्य दृश्य, मग त्याची तपासणी, शेवटी एकत्रित विचार.

जपानमधील मासाआकी कोमात्सु व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेली पद्धत याहून वेगळी आहे. दोषयुक्त हृदयांच्या प्रतिमा मुळातच दुर्मिळ असल्याने त्यांनी संगणकाला केवळ निरोगी हृदयेच दाखवली. चित्रफीत पुढे सरकत असताना हृदयाचा कोणता भाग कोणत्या क्षणी दिसला याची नोंद दुकानातील वस्तूंवरील पट्ट्यांच्या सांकेतिक खुणेप्रमाणे आडव्या रेघांनी पडद्यावर उमटते. जेथे रेघ असायला हवी तेथे ती नसली की तपासणाऱ्याचे लक्ष तिकडे वेधले जाते. यंत्र येथे रोगाचे नाव सांगत नाही. 'अपेक्षित गोष्ट दिसली नाही' एवढेच दाखवते. ही नम्रता या पद्धतीचा मोठा गुण मानला पाहिजे, कारण न दिसण्याचे कारण दोष आहे की केवळ बरगडीची सावली, हे ठरवण्याची जबाबदारी तपासणाऱ्याकडेच राहते.

त्यानंतर हे तंत्र प्रयोगशाळेतून बाजारपेठेकडे आले. पॅरिस येथील ब्राइटहार्ट या कंपनीच्या गर्भहृदयविषयक प्रणालीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ साली मान्यता दिली. अशा प्रणालींची भूमिका डॉक्टरांना साहाय्य करण्याची आहे. अंतिम निदान डॉक्टरचेच असते.

यशाचे आकडे कसे वाचावेत

अर्नाउट यांच्या अभ्यासात ४,१०८ गर्भांच्या तपासण्यांवर, म्हणजे ४४ लाखांहून अधिक प्रतिमांवर, यंत्राची परीक्षा घेण्यात आली. दोष असलेल्यांपैकी ९५ टक्के गर्भ यंत्राने ओळखले, यास संवेदनशीलता म्हणतात. निरोगी गर्भांपैकी ९६ टक्क्यांना निरोगी म्हटले, यास विशिष्टता म्हणतात. 'यंत्राने निरोगी म्हटलेला गर्भ निरोगीच निघण्याचे प्रमाण' १०० टक्के नोंदवले गेले. हे आकडे प्रभावी आहेत यात शंका नाही. वृत्तपत्रांतून ते '९५ टक्के अचूक' अशा एका वाक्यात आले की मात्र त्यांचा अर्थच बदलतो.

या ४,१०८ गर्भांपैकी हृदयदोष असलेले केवळ ०.९ टक्के, म्हणजे चाळिसाच्याही आत होते. एवढ्या लहान संख्येवरून काढलेली संवेदनशीलता ठाम नसते. संशोधकांनी स्वतःच ती ८४ ते ९९ टक्क्यांच्या दरम्यान असू शकते असे नमूद केले आहे. १०० टक्क्यांचा आकडाही पूर्णांकात मांडलेला आहे. ९५ टक्के दोष सापडले याचाच अर्थ एकदोन सुटले. परंतु हजारो निरोगी गर्भांच्या संख्येत ते दिसेनासे होतात.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. हेच प्रमाण कायम धरून १०,००० गरोदर मातांची तपासणी झाली असे मानू. त्यांपैकी ९० गर्भांना दोष असेल आणि यंत्र सुमारे ८६ ओळखेल. उरलेल्या ९,९१० निरोगी गर्भांपैकी चार टक्के, म्हणजे सुमारे ३९६ गर्भांवरही यंत्र संशयाची खूण करील. एकूण ४८२ मातांना 'बाळाच्या हृदयात काहीतरी वेगळे दिसते' असे सांगितले जाईल आणि त्यांतील सुमारे ८६ जणींच्याच बाबतीत ते खरे असेल. दर पाच-सहा जणींत एक. यंत्र वाईट आहे असा याचा अर्थ नाही. दुर्मिळ गोष्ट शोधणाऱ्या कोणत्याही चाचणीचे गणित असेच असते. परंतु यंत्राचा इशारा म्हणजे निदान नव्हे, ती बालहृदयरोगतज्ज्ञाकडून गर्भाची टू-डी इको तपासणी करून घेण्याची शिफारस आहे, हे यातून स्पष्ट होते. ज्या जिल्ह्यात अशी तपासणी करणारा तज्ज्ञच नाही तेथे उरलेल्या चार-पाच जणींची आठवडेन् आठवडे निष्कारण घालमेल होणार.

आणखी एक मर्यादा प्रतिमांच्या उगमाची आहे. यंत्र ज्या सोनोग्राफी यंत्रांच्या, ज्या मातांच्या आणि ज्या तंत्रज्ञांच्या प्रतिमांवर शिकते, त्यांचीच त्याला सवय होते. अर्नाउट यांच्या प्रणालीने इतर रुग्णालयांतील व कमी दर्जाच्या प्रतिमांवरही चांगली कामगिरी केली, ही जमेची बाजू. तरीही भारतीय प्रतिमांवर स्वतंत्र परीक्षा झाल्याशिवाय तिचे आकडे येथे लागू करणे घाईचे ठरेल. गर्भाचे वय ठरवण्याबाबत असा अनुभव आलेलाच आहे. आयआयटी मद्रास आणि फरिदाबाद येथील संशोधन संस्था यांनी २०२४ साली भारतीय मातांच्या माहितीवर तयार केलेले 'गर्भिणी' प्रारूप पाश्चात्त्य सूत्रांपेक्षा अधिक अचूक ठरले.

महाराष्ट्रातील संदर्भ

परदेशांतील काही प्रयोगांत साध्या, स्वस्त प्रोबने परिचारिकेने मातेच्या पोटावरून ठरावीक पद्धतीने फिरवणे आणि प्रतिमांचा अर्थ संगणकाने लावणे, अशी कल्पना पुढे आली आहे. गर्भाचे वय मोजण्यासाठी आफ्रिकेत तिची चाचणीही झाली. भामरागड किंवा धडगावसारख्या तालुक्यांचा विचार करता ही कल्पना मोहक वाटते. भारतात मात्र ती जशीच्या तशी राबवता येणार नाही. गर्भलिंग निदान प्रतिबंध कायद्यानुसार गर्भवतीची सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रात, नोंदणीकृत यंत्रावर आणि आवश्यक पात्रता असलेल्या डॉक्टरनेच करावयाची असते. प्रत्येक तपासणीचा 'एफ' नमुन्यातील तपशील जतन करावा लागतो. सहज हलवता येणाऱ्या यंत्रांवर २०१२ पासून अधिक कडक निर्बंध आहेत.

हे निर्बंध निष्कारण आलेले नाहीत. देशात असा पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आणि २००३ ची दुरुस्ती आली. तरीही राज्यातील शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरली. गर्भाची प्रतिमा आपोआप वाचणारे यंत्र हृदय वाचते तसेच लिंगही वाचू शकते. म्हणूनच अशा प्रणालीत लिंगदर्शक भाग दिसणाऱ्या प्रतिमा वगळण्याची सोय असणे आणि ती तपासता येणे, ही येथे तांत्रिक नव्हे तर कायदेशीर पूर्वअट ठरते. जन्मजात व्यंगांच्या शोधासाठी प्रसवपूर्व तपासणीस याच कायद्याने मुभा दिली आहे, हेही विसरून चालणार नाही.

निदानाच्या वेळेचा प्रश्नही कायद्याशी निगडित आहे. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका मातेची याचिका आली होती. गर्भाच्या हृदयातील गंभीर दोष विसाव्या आठवड्यानंतर लक्षात आल्याने तिने गर्भपाताची परवानगी मागितली होती आणि १९७१ च्या कायद्यातील वीस आठवड्यांच्या मर्यादेमुळे ती नाकारली गेली. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतील महिलांसाठी ही मर्यादा चोवीस आठवडे केली असून गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. या तरतुदीमुळे प्रसवपूर्व निदान म्हणजे गर्भपाताचा विचार, असे समीकरण लोकांच्या मनात दृढ होण्याचा धोका आहे. धमन्यांच्या अदलाबदलीसारखा दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होणारा आहे. तो कळल्यावर कुटुंबापुढील खरा प्रश्न प्रसूती कोठे करायची हाच असतो, आणि त्या तयारीसाठी विसाव्या आठवड्यानंतरही चार महिने हाती असतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली पालघर येथे झाला आणि जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांना शोधून उपचारांपर्यंत नेण्याची व्यवस्था त्यातून उभी राहिली. तिचा आरंभबिंदू मात्र जन्मानंतरचा आहे. जन्मानंतर होणाऱ्या तपासणीपर्यंत जगलेल्या बालकाचाच त्यातून शोध लागू शकतो. केरळने २०१७ साली सुरू केलेल्या 'हृद्यम्' योजनेत नोंदणीपासून रुग्णालयापर्यंतची साखळी एकत्र बांधण्याचा प्रयत्न झाला आहे. महाराष्ट्रात अशी साखळी जन्मापूर्वीच्या टोकाला जोडायची असेल, तर कृत्रिम बुद्धिमत्तेची पहिली जागा दुर्गम पाड्यावर नसून तालुक्याच्या सोनोग्राफी केंद्रात आहे. तेथे नोंदणी आहे, पात्र डॉक्टर आहे, विसाव्या आठवड्याची तपासणीही होते आहे. उणीव आहे ती गर्भहृदयाच्या विशेष सरावाची. अशा ठिकाणी रोगाचे नाव सांगणाऱ्या प्रणालीपेक्षा जपानी पद्धतीसारखी, काय दिसले नाही ते दाखवणारी प्रणाली अधिक उपयुक्त ठरेल. 'तीन वाहिन्यांचे दृश्य अद्याप मिळालेले नाही' ही सूचना माता तपासणीच्या टेबलावर असतानाच मिळाली, तर डॉक्टर तिला कुशीवर वळायला सांगून किंवा अर्धा तास फिरून यायला सांगून पुन्हा प्रयत्न करू शकतो. तीच उणीव अहवाल छापून झाल्यावर कोणाच्याही लक्षात येत नाही.